कूर्चेच्या कोऱ्या काचा

१

काचपट्टी पुन्हा कोरी निघाली.

कोरी म्हणजे पुसून ठेवल्यासारखी कोरी. सोल्वेगनं सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, स्टूल मागे ढकललं आणि एक अक्षर न बोलता हातमोजे कचऱ्यात टाकले. सोल्वेग माझी मोठी बहीण. ती ओरडते तेव्हा मला काही वाटत नाही. गप्प बसते तेव्हा काहीतरी मोठं बिघडलेलं असतं.

मी डोळा लावला. घोड्याच्या गुडघ्यातल्या कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, कागदाहून पातळ काप, त्यात निळे ठिपके म्हणजे पेशी. त्या ठिपक्यांभोवती कॉफी सांडल्यासारखा तपकिरी रंग दिसायला हवा होता. नव्हता. शेजारची पट्टी वासराच्या श्वासनळीची. तिच्यात कूर्चा असतेच असते, म्हणून ती पडताळणीसाठी दर वेळी सोबत रंगवायची. तीही कोरी.

"मेली ती," सोल्वेग म्हणाली. "आणि मीच मारली."

ती म्हणजे अँटिबॉडी. शत्रूला ओळखण्यासाठी शरीर जे हेर पाठवतं, त्या हेरांपैकी एक. ही एका उंदराकडून करवून घेतलेली होती, आणि तिला जगात एकच गोष्ट ओळखता येत होती: कूर्चेतलं कोलॅजन. शास्त्रज्ञ त्याला दोन नंबरचं कोलॅजन म्हणतात. नावानं दोन नंबरचं, पण अस्सल तेच. गुडघा दुखावलेल्या घोड्याला औषध टोचलं आणि जखम भरली, तर तिथे खरी कूर्चा आली की नुसता वण, हे फक्त हीच सांगू शकायची. बाजारात अशा पुष्कळ मिळतात, पण घोड्याच्या कूर्चेवर त्या धड चालत नाहीत. ही आमच्या विद्यापीठातल्या म्हाताऱ्या डॉक्टर लिंडक्विस्टनी बनवलेली. ते वारले, ज्या पेशी ही अँटिबॉडी तयार करायच्या त्याही गेल्या, आणि मागे उरल्या फ्रीजरमधल्या बोटाच्या पेराएवढ्या बाटल्या.

त्यातल्या सोल्वेगच्या वाट्याच्या बाटल्यांचा डबा मार्चमध्ये एका सकाळी टेबलावर सापडला होता. रात्रभर बाहेर. विसरली सोल्वेगच, तिनं ते कबूलही केलं होतं. वसंतातल्या सुट्टीनंतर तिच्या सगळ्या पट्ट्या कोऱ्या यायला लागल्या. तेव्हापासून तिनं नवे काप घेतले, काप मऊ करणारा नवा पाचक रस आणला, रंगाची नवी पेटी मागवली, दिवसाचे चौदा तास प्रयोगशाळेत काढले. सगळं कोरं.

मी शाळेची सुट्टी लागल्यापासून तिथे भांडी धुवायला आणि शिकायला जात होते. म्हणून मला ते ऐकू आलं, जे माझ्या कानावर पडायला नको होतं. डॉक्टर प्रुइट, म्हणजे सोल्वेगच्या मार्गदर्शक, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शुक्रवारच्या बैठकीत मला तपकिरी पट्टी दाखव, सोल्वेग. नाहीतर घोडे थिओकडे जातील."

घोडे थिओकडे म्हणजे चार वर्षांचं काम थिओकडे. म्हणजे ऑगस्टमध्ये सोल्वेगनं डॉक्टरेटशिवाय घरी यायचं.

त्या दिवशी मंगळवार होता.

२

माझा संशय सरळ थिओवर. ज्याचा फायदा, त्याचं काम, एवढं तर कोणालाही कळतं.

थिओ मार्केटी सोल्वेगच्या शेजारच्या टेबलावर बसतो. शिकागोचा आहे, आणि आम्हा आयोवावाल्यांना मक्याशिवाय काही कळत नाही असं त्याचं मत आहे. तो तीच अँटिबॉडी वापरतो, पण घोड्याऐवजी सशाच्या कूर्चेवर. त्याच्या पट्ट्या झकास येत होत्या. त्याच्या बाटल्या वेगळ्या डब्यात होत्या, त्या रात्री तो डबा फ्रीजरमध्येच होता. म्हणून सगळे म्हणायचे, बघा, थिओची जिवंत, सोल्वेगची मेलेली, सिद्ध झालं.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मागच्या वर्षी मला वर्गात हात वर करायचीही लाज वाटायची. ती मुलगी आता कुठे गेली माहीत नाही, मला तिची आठवणही येत नाही. मी विचारलं, सोल्वेगच्या बाटल्यांत तू पाणी तर भरून ठेवलं नाहीस ना?

त्यानं सँडविच खाली ठेवलं. "मारित टॉलेफसन," तो म्हणाला, "तू जन्मतःच अशी आहेस की शाळेत शिकवतात?"

मग तो चिडला, खरंच चिडला. म्हणाला, तुझी बहीण घोड्यांना जीव लावते, फ्रीजरला लावत नाही, त्याला मी काय करू. म्हणाला, मला घोडे नकोत, त्यांचा वास सहन होत नाही मला, पण प्रुइट मॅडमना नाही म्हणायची इथे कोणाची हिंमत आहे. मी विचारलं, सिद्ध करतोस का? त्यानं हात पुसले.

"आण तिची बाटली. उद्या माझ्या सशांवर लावतो, माझ्या पद्धतीनं. कोरी आली तर तुझी बहीण दोषी, आणि मग तू मला चॉकलेट मिल्क पाजायचं, रोज."

मी बाटली आणली. सोल्वेगला न विचारता.

३

बुधवारी थिओच्या पट्ट्या तयार होईपर्यंत मी वेन्डल ऑक्सना गाठलं.

वेन्डल प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. त्यांच्याकडे फ्रीजरची किल्ली असते आणि दुनियेबद्दल तक्रारी असतात. फ्रीजर मध्येच बंद पडला होता का, असं मी विचारल्यावर त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. माझा फ्रीजर, ते म्हणाले, माझ्या लग्नापेक्षा जास्त टिकलाय. मग त्यांनी रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा पुढे केला आणि बाकीच्या तक्रारी सुरू केल्या. ही मुलं हातमोजे कुठेही टाकतात. खुर्च्या फिरवतात. एकच गोष्ट सुधारली, ती म्हणजे धुण्याच्या पाण्याचा कॅन.

खिडकीजवळच्या फळीवर तो कॅन असतो, खाली नळ लावलेला. त्यात मिठाचं एक खास पाणी असतं आणि सगळे आपापल्या पट्ट्या त्याच पाण्यानं धुतात. वेन्डल म्हणाले, पूर्वी आठवड्याभरात त्याच्या तळाशी बुरशी धरायची, पांढरा ढग तरंगायचा, मला ओतून द्यावा लागायचा. आता बघ कसा लखलखीत असतो. सोमवारी प्रुइट मॅडम स्वतः भरतात ना.

डॉक्टर प्रुइट वर्षभर परदेशी होत्या, वसंतातल्या सुट्टीत परत आल्या, आणि आल्यावर त्यांना प्रयोगशाळेची अवस्था बघवली नव्हती. त्यांनी फळ्या लावून घेतल्या, बाटल्यांवर नावं टाकून घेतली. मी त्यांनाही धीर करून विचारलं: अँटिबॉडी एका रात्रीत मरते का?

त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "निष्काळजी माणसाच्या हातात काहीही मरतं. मी तुझ्याएवढी लहान होते तेव्हापासून हे काम करतेय. हात स्वच्छ, पाणी स्वच्छ, तर पट्टी स्वच्छ."

उत्तर देऊन झालं तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मग हळू आवाजात म्हणाल्या की सोल्वेग त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती.

होती. तो एक शब्द दुपारभर माझ्या डोक्यात खुपत राहिला. राग कोणावर काढावा तेच कळेना, म्हणून मी सगळे बीकर दोनदा घासले.

एवढ्यात अंधाऱ्या खोलीतून थिओची हाक आली. त्याचा आवाज विचित्र होता.

४

थिओची पद्धत वेगळी आहे. अँटिबॉडीला स्वतःचा रंग नसतो, म्हणून तिच्यामागून दुसरी पाठवावी लागते, जी पहिलीला जाऊन चिकटते. थिओच्या दुसरीच्या पाठीवर चमकणारा रंग असतो. अंधारात निळा उजेड टाकला की ती हिरवी पेटते.

पडद्यावर सशाची कूर्चा होती. हिरवीगार. जुलैतल्या मक्याच्या शेतासारखी.

"ही माझी बाटली नाही," थिओ म्हणाला. "तिचीच आहे. दोनदा करून पाहिलं."

मेलेली अँटिबॉडी मेलेली नव्हतीच. रात्रभर टेबलावर राहून तिला सर्दीसुद्धा झाली नव्हती.

मी धावत जाऊन सोल्वेगला सांगितलं. मला वाटलं ती मिठी मारेल. तिनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, मग तर आणखीच वाईट. अँटिबॉडी चांगली, काप चांगले, रंगाची पेटी नवी. राहिलं कोण? मीच. मला हे कामच येत नाही. चार वर्षं सगळ्यांना फसवत होते बहुतेक.

"तू काय बोलतेस ते तुला ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"तू घरी जा, मारित."

मी इतकी वैतागले की सायकलचं कुलूप उघडायला मला तीन वेळा आकडे फिरवावे लागले.

५

घरी बाबा हॉर्सरॅडिश, म्हणजे मोहरीसारखा झणझणीत कंद, किसत होते. आमच्या परसात त्याचा वाफा आहे. कंद जमिनीत असतो तोवर बिचारा वाटतो, किसला की डोळ्यांतून धारा. भाजलेल्या गोमांसाबरोबर आमच्याकडे तो लागतोच.

मी चाखला. अळणी. तिखटपणाचा पत्ता नाही.

बाबा ओशाळले. म्हणाले, घाई केली, किसल्या किसल्या व्हिनेगर ओतलं. किसल्यावर त्याला जरा वेळ द्यायचा असतो, मग तिखट चढतं. व्हिनेगर आधी पडलं की तिथल्या तिथे मरतं.

मी घास हातात धरून बसले.

कंद तोच. बाबांचा हात तोच. कंदात काही खोट नव्हती, त्याच्यावर जे ओतलं त्यात होती.

आणि सोल्वेगच्या दुसऱ्या अँटिबॉडीच्या पाठीवर चमकणारा रंग नसतो. गुरांच्या डॉक्टरांना पट्ट्या वर्षानुवर्षं जपून ठेवायच्या असतात आणि हिरवा उजेड विझून जातो, म्हणून सोल्वेग तपकिरी पद्धत वापरते. त्या पद्धतीत दुसरीच्या पाठीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, बांधलेलं असतं. ते विकर रंगाच्या द्रावाला तपकिरी करतं. आणि ते विकर, हे सोल्वेगनंच मला पहिल्या दिवशी हसत सांगितलं होतं, हॉर्सरॅडिशच्या कंदातून काढतात.

थिओकडे विकर नाही. सोल्वेगकडे आहे. थिओचं येतं, सोल्वेगचं येत नाही. म्हणजे अँटिबॉडी नाही, सोल्वेग नाही, विकर मरतंय. रंगाची पेटी नवी आणली तरी मरतंय. म्हणजे रोज कोणीतरी त्याच्यावर व्हिनेगर ओततंय.

गुरुवारी सकाळी मी रंगाच्या पेटीतली घडी घातलेली सूचना उघडली, जी प्रयोगशाळेत कोणीच वाचत नाही कारण सगळ्यांना सगळं येतं. त्यात स्पष्ट बजावलं होतं की धुण्याच्या पाण्यात अझाइड असता कामा नये, त्यानं विकर निकामी होतं.

अझाइड मला माहीत होतं. भांडी धुणाऱ्यांना सगळ्यात आधी विषांची नावं शिकवतात. चिमूटभर टाकलं की पाण्यात काही म्हणजे काही वाढत नाही.

मी खिडकीजवळच्या फळीकडे पाहिलं. गुरुवार उजाडला होता, बाहेर रणरणतं ऊन होतं, आणि कॅनमधलं पाणी लखलखीत होतं. ढगाचा लवलेश नाही.

सोमवारी प्रुइट मॅडम स्वतः भरतात ना.

६

मी सोल्वेगला आणि थिओला जिन्यात बसवून सगळं सांगितलं. थिओ आधी हसला, मग त्याचं हसू मावळलं. त्याच्याकडे आणखी एक धागा होता. डॉक्टर प्रुइटच्या तरुणपणी इथे सगळे चमकणाऱ्या रंगानंच काम करायचे. पाण्यात चिमूटभर अझाइड टाकणं ही तेव्हा चांगली सवय होती, नीटनेटक्या माणसाची खूण. चमकणाऱ्या रंगाला त्याचं काही होत नाही. त्या वर्षभरानं परतल्या, बुरशी पाहिली, आणि हात आपोआप त्या बाटलीकडे गेला असणार.

"मी एकदाही पाणी बदललं नाही," सोल्वेग म्हणाली. "सगळं बदललं. पाणी सगळ्यांचंच होतं ना."

मला वाटलं झालं, सुटलं. पण सोल्वेग म्हणाली, कोणी काही बोलायचं नाही. साधं ताजं पाणी बनवून ती रात्रीतून पट्ट्या रंगवेल आणि दाखवेल, बस. मार्गदर्शकाला सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलं तर पुढे कामासाठी शिफारस कोण करणार? थिओनंही मान डोलावली.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे पट्ट्या तपकिरी येणार आणि सगळे म्हणणार, चला, सोल्वेग अखेर काळजीपूर्वक वागायला शिकली. ती मार्चपासून स्वतःला शिव्या देतेय त्याचं काय? मी हे बोलले, आणि जरा जोरातच बोलले. जिन्यात आवाज घुमतो.

सोल्वेगनं गुडघ्यांवर हनुवटी टेकली. मग म्हणाली की नावं घ्यायची नाहीत. फक्त दाखवायचं.

शुक्रवारी बैठकीत वेन्डलच्या वड्या फिरल्या. डॉक्टर प्रुइटनी विचारलं, "पट्टी?"

सोल्वेगनं पट्टीऐवजी दोन छोट्या नळ्या टेबलावर ठेवल्या. दोन्हींत दुसऱ्या अँटिबॉडीचा एकेक थेंब, विकरासकट. एकीत तिनं सकाळी स्वतः बनवलेलं पाणी टाकलं, दुसरीत कॅनमधलं. रंगाचा द्राव थिओनं ओतला, हातमोजे घालून, एकदाही टोमणा न मारता.

पहिली नळी बघता बघता तपकिरी झाली. दुसरी तशीच राहिली. आम्ही वाट पाहिली. तशीच.

"हा कॅनचा नमुना?" डॉक्टर प्रुइटनी विचारलं.

सोल्वेगनं होकार दिला. मग थिओच्या हिरव्या पट्टीचा फोटो समोर ठेवला आणि सांगितलं की ही तिच्या डब्यातली बाटली आहे, टेबलावर राहिलेली.

डॉक्टर प्रुइट हुशार आहेत. मला शोधायला जे तीन दिवस लागले, ते त्यांना दोन नळ्या बघून कळलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर चढताना मी पाहिलं, पायापासून पाणी चढावं तसं. त्यांनी विचारलं, "कॅनमध्ये अझाइड कोणी टाकलं?"

वेन्डल वड्यांच्या डब्यात काहीतरी शोधत होते. थिओ छताकडे बघत होता. मी तोंड उघडलं, आणि सोल्वेगनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

चूक आपली असेल असं त्यांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नसावं. ती शांतता त्यांना स्वतःलाच मोडावी लागली.

"मी टाकलं," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी."

त्या उठल्या आणि कॅन स्वतः उचलून आणला. मोरीत ओतू नका, एवढंच म्हणाल्या, अझाइड नळाच्या धातूला धरून बसतं आणि स्फोट होतो. विषाच्या पिंपावर त्यांनी स्वतः चिठ्ठी लावली. माफी मागितली नाही. दारापर्यंत जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, "थिओ, घोडे सोल्वेगचेच आहेत."

थिओ म्हणाला, देवा तुझे उपकार, तो वास.

७

तुम्हाला वाटेल इथे सगळं गोड झालं. नाही झालं.

सोल्वेगनं ताज्या पाण्यात पहिली पट्टी धुतली ती बिस्किट नावाच्या घोडीची. भरलेल्या जखमेत कडेकडेनं तपकिरी पट्टा आला होता. खरी कूर्चा, वण नव्हे. औषध चाललं होतं. सोल्वेग सूक्ष्मदर्शकावरून उठेना, मी बाजूला उभी राहून पाय बदलत होते.

मग तिनं डबा उघडला. मार्चपासून कोऱ्या पट्ट्यांवर ओतून ओतून अँटिबॉडी संपत आली होती. उरलेल्या थेंबांत निम्मे घोडे बसत होते. निम्मे. डॉक्टर लिंडक्विस्ट परत येणार नव्हते, त्यांच्या पेशीही नाही. थिओनं त्याच्या वाट्यातली एक बाटली आणून तिच्या डब्यात ठेवली आणि निघून गेला, तरी सगळे बसेनात. कुठले घोडे घ्यायचे आणि कुठले सोडायचे, हे ठरवताना सोल्वेगला मी शिव्या देताना ऐकलं, पण या वेळी स्वतःला नव्हे. प्रबंध पूर्ण होईल. जसा व्हायला हवा होता तसा होणार नाही. मला अजूनही त्याचा राग येतो, आणि तो कोणाला देऊन टाकावा ते कळत नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात मी भांडी धुवत होते. डॉक्टर प्रुइट आत आल्या, सवयीनं खिडकीजवळच्या फळीपाशी थांबल्या आणि कॅन उजेडाकडे धरला. तळाशी पांढरा, कापसासारखा ढग तरंगत होता.

त्यांचं नाक आक्रसलं. हात विषाच्या कपाटाकडे निम्मा गेला. सोल्वेगनं टेबलावरून मान वर केली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

डॉक्टर प्रुइटनी हात मागे घेतला. बिनविषाचा कॅन मोरीत उलटा केला, ढग नळीतून गुडगुडत गेला, आणि त्या बाही वर सारून कॅन घासायला लागल्या.